सुट्टीचा दिवस कोणाचा?

(नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



लोखंड्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानात अमेरिकेतल्या वैमानिकांचा ओव्हरटाइम हा विषय कुठून आला, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. लोखंडे गिरणीत दिवसभर राबणाऱ्यांचे पुढारी. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांच्यातल्या ज्येष्ठांचा पगार ऐकला तर आपल्याकडचा बडा अधिकारीही चकित होईल. तरी विषय मी विचार करून निवडला आहे. लोखंड्यांची जी मागणी पदरात पडली, ती पगारवाढीची नव्हती. ती आठवड्यातून एका दिवसाच्या सुट्टीची होती. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत त्यांनी भरवलेल्या सभेला दहा हजारांच्या आसपास गिरणी कामगार जमले, दोन कामगार स्त्रिया त्या सभेत बोलल्या आणि जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवार मोकळा दिला.

म्हणजे एक दिवस कामगाराचा, हे मान्य झालं. पण तो दिवस कामगाराचा असेल, तर तो विकायचा हक्कही त्याचाच का? आणि वेतनकराराची बोलणी अडलेली असताना, ज्याच्याशी बोलणी चालली आहेत त्याच मालकाला तो विकावा का? हा प्रश्न गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सगळ्यात धारदारपणे कुठे उभा राहिला असेल, तर अमेरिकेतल्या विमान कंपन्यांत. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. विकू नये. संघटनेत असलेल्या वैमानिकाने तंट्याच्या काळात आपणहून ओव्हरटाइम घेऊ नये. मात्र या उत्तराला काही अटी आहेत, आणि त्या मला उत्तराइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

आधी हे काम चालतं कसं ते पाहू. मोठ्या अमेरिकन कंपनीत पुढच्या महिन्याची सगळी उड्डाणं फेऱ्यांमध्ये बांधली जातात. एक फेरी एका दिवसाची असेल, चार-पाच दिवसांचीही असेल. वैमानिक आपापली पसंती नोंदवतात आणि वाटप होतं ते निव्वळ सेवाज्येष्ठतेने. कोणतं विमान, उजवी खुर्ची की डावी, कोणतं शहर, दिवाळीसारखा त्यांचा नाताळ घरी की हॉटेलात, सगळं त्या यादीतल्या क्रमांकावर ठरतं. काही जण रिझर्व्हवर असतात, म्हणजे फोन आला की निघायचं. एवढं करूनही फेऱ्या उरतात. कुणी आजारी पडतं, वादळात एखाद्या चमूचे कायदेशीर तास संपतात, एखादं विमान भलत्याच शहरात अडकतं. या उरलेल्या फेऱ्यांना वैमानिक ‘ओपन टाइम’ म्हणतात. रिझर्व्ह संपले की कंपनी सुट्टीवरच्या माणसांकडे वळते. डेल्टामध्ये त्यासाठी ‘ग्रीन स्लिप’ भरतात. मोकळ्या दिवशी उडायची तयारी आहे असं कळवायचं, फेरी मिळाली तर दुप्पट दराने पैसे.

दुप्पट दर कंपनीला परवडतो कसा, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळा तंटा तिथे दडलेला आहे. नवा वैमानिक घ्यायचा म्हणजे त्याचं सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण, विमा, निवृत्तिवेतन, भरपगारी रजा, हे सगळं आलं. जुन्या वैमानिकाचा एक मोकळा दिवस दुप्पट दराने घेतला तरी यातला बहुतेक खर्च वाचतो. मग हिशेब मांडणारा माणूस काय करील? भरती थोडी कमी ठेवील आणि उरलेलं मोकळ्या दिवसांतून भरून काढील. यात बेकायदा काही नाही. पण याचा अर्थ असा होतो की कंपनीने छापलेल्या वेळापत्रकातली काही उड्डाणं मुळात अस्तित्वातच नसतात. कुणीतरी आपला विश्रांतीचा दिवस विकला तरच ती अस्तित्वात येतात. तिकीट काढणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

आता २००० सालच्या उन्हाळ्यातली शिकागोतली एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेकडून गडगडाटी वादळ आलंय, ओहेर विमानतळावर विमानांची रांग लागलीय, दोन चमूंचे तास संपत आलेत. शहरापासून तासाभरावर एका घरामागे गवत कापणाऱ्या फर्स्ट ऑफिसरचा फोन वाजतो. पलीकडे क्रू शेड्युलिंग. उद्या पहाटे पावणेसहाला हजर व्हायचं, शिकागोहून डेन्व्हर, तिथून सिएटल, रात्रीचा मुक्काम तिथे, परवा परत. करारानुसार उद्याचा दिवस त्याचा आहे. फोन उचलला नाही तर एकही नियम मोडत नाही. उचलून ‘येतो’ म्हटलं तर जादा पैसे आणि दीडशे माणसं आपापल्या घरी. तो वाजणाऱ्या फोनकडे पाहतो आणि पुन्हा गवत कापायला लागतो. हा माणूस मी कल्पिलेला आहे. पण युनायटेड एअरलाइन्समध्ये त्या उन्हाळ्यात घडलं ते हेच, आणि हजारो घरांत घडलं.

युनायटेडची मागची गोष्ट सांगितल्याशिवाय त्या न उचललेल्या फोनचा अर्थ लागणार नाही. १९९४ मध्ये कंपनी अडचणीत असताना वैमानिकांसह बऱ्याच कामगारांनी पगारात कपात सोसली आणि बदल्यात कंपनीचे ५५ टक्के भाग घेतले. कामगारांच्या मालकीची एवढी मोठी विमान कंपनी तेव्हा दुसरी नव्हती. पुढची सहा वर्षं धंदा चांगला चालला, इतर कंपन्यांतले पगार चढले आणि युनायटेडचे वैमानिक मात्र मागे पडत गेले. १२ एप्रिल २००० रोजी करार बदलायला खुला झाला, पण बोलणी पुढे सरकली नाहीत. त्यात मे महिन्यात कंपनीने यूएस एअरवेज विकत घेण्याचा बेत जाहीर केला. दोन कंपन्यांच्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या एकत्र झाल्या तर आपला क्रमांक कुठे जाईल, ही प्रत्येकाची धास्ती. कराराला पैसे नाहीत आणि दुसरी कंपनी घ्यायला अब्जावधी डॉलर आहेत, असं वैमानिकांना दिसलं. मोकळे दिवस विकणं थांबलं. संघटना म्हणत राहिली की आम्ही कुणालाही काही सांगितलेलं नाही, ज्याचा त्याचा निर्णय आहे.

हजारो उड्डाणं रद्द झाली. वादळांचा आणि हवाई वाहतुकीच्या गर्दीचाही त्यात वाटा होता, पण सांधे निखळले ते वैमानिक न मिळाल्यामुळे. कंपनीचे प्रमुख जेम्स गुडविन यांनी टीव्हीवरच्या जाहिरातीत येऊन प्रवाशांची माफी मागितली. ऑगस्टच्या शेवटी समझोता झाला आणि तात्काळ मिळालेली वाढ वीस टक्क्यांहून जास्त होती. संप झाला नाही. लोकांनी फक्त करारात लिहिलं होतं तेवढंच काम केलं.

आपल्याकडे याला ‘नियमानुसार काम’ म्हणतात, आणि रेल्वे, बँका, पोस्ट, वीज मंडळ यांतली जुनी मंडळी ते हत्यार ओळखतात. पण अमेरिकेत कायद्याने हा प्रश्न असा काही पिळला की त्यावर विचार करणं भाग पडतं.

तिथल्या वैमानिकांना लागू होतो तो रेल्वे कामगारांचा १९२६ चा कायदा. १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांवर आणला. या कायद्याखाली करार संपत नाही, नुसता ‘बदलायला खुला’ होतो. नवा होईपर्यंत जुनाच चालतो. बोलणी फिसकटली तर सरकारी मध्यस्थी मंडळ बसतं, आणि ते दोन्ही पक्षांना जोवर मोकळं करत नाही तोवर संप करता येत नाही. मंडळाला मुदत नाही. स्पिरिट एअरलाइन्सच्या वैमानिकांनी २०१० च्या जूनमध्ये संप केला, तेव्हा बोलणी सुरू होऊन तीन वर्षांहून जास्त काळ उलटला होता. मंडळाने मोकळं केलं तरी आणखी तीस दिवस थांबायचं, आणि तेही झाल्यावर राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ नेमून संप थोपवू शकतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक मध्यरात्री संपावर गेले आणि क्लिंटन यांनी काही मिनिटांत तो थांबवला.

एवढ्या कुंपणात अडकलेल्या माणसाच्या हातात उरतं काय? स्वतःचा मोकळा दिवस. २००० च्या हिवाळ्यात डेल्टाच्या वैमानिकांनीही तेच केलं. कंपनी कोर्टात गेली. खालच्या न्यायालयाने मनाई द्यायला नकार दिला, पण जानेवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: करारात ओव्हरटाइम ऐच्छिक आहे हे खरं, पण ती इच्छा एकेकट्या वैमानिकाची. सगळ्यांनी मिळून, बोलण्यांत दबाव आणण्यासाठी, एकाच वेळी नाही म्हटलं, तर जी परिस्थिती जैसे थे ठेवायची ती तुम्ही बदलली. त्यामुळे संघटनेने ही मोहीम थांबवण्यासाठी शक्य ते प्रयत्न केलेच पाहिजेत. पुढे २००८ मध्ये युनायटेडविरुद्धच्या खटल्यात आणि २०१७ मध्ये मालवाहू विमानांच्या अ‍ॅटलस एअरच्या प्रकरणात न्यायालयांनी याच वाटेने जाऊन संघटनांना मनाई केली.

मी या निकालाशी पुष्कळ झगडलो आहे. एका माणसाने केलं तर हक्क आणि हजारांनी केलं तर गुन्हा, हे संघटनेच्या कल्पनेच्याच मुळावर येतं. मजूर एकटा असताना त्याच्या नकाराला किंमत नसते, म्हणून तर तो संघटना करतो. त्याचा नकार निरुपयोगी असेल तेवढाच कायदेशीर, असा या न्यायाचा अर्थ होतो. पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तोच कायदा त्या काळात कंपनीचेही हात बांधतो. बोलणी चालू असताना कंपनीला एकतर्फी पगार कापता येत नाही, कामाचे नियम बदलता येत नाहीत, टाळेबंदी करता येत नाही. वर्षानुवर्षं मोकळे दिवस देत आलेल्या माणसांनी एका दिवशी ठरवून ते बंद केले, तर बदल झाला हे नाकारता येत नाही. म्हणून न्यायालयाचा तर्क मला चूक वाटत नाही, अपुरा वाटतो. विकत घेतलेल्या मोकळ्या दिवसांवर वेळापत्रक उभं करणं हीच ती जैसे थे परिस्थिती, असं न्यायालयाने गृहीत धरलं. कंपनीने केलेली तुटपुंजी भरती त्यामुळे कायद्याच्या छत्राखाली आली. तिच्यातली तूट भरून काढायची जबाबदारी सुट्टीवर असलेल्या माणसाच्या अंगावर पडली.

आता त्या एकट्या माणसाकडे वळतो, कारण न्यायालयाने शेवटी चेंडू त्याच्याच अंगणात टाकला आहे. संघटनेने काही सांगायचं नाही, फलक लावायचा नाही, पण तू स्वतः नाही म्हणू शकतोस. मग त्याने काय करावं?

ओव्हरटाइमच्या बाजूने जी कारणं दिली जातात, ती हलकी नाहीत. नव्याने लागलेल्या फर्स्ट ऑफिसरवर उड्डाण प्रशिक्षणाचं भलंमोठं कर्ज असतं. पहिल्या वर्षाचा पगार पुढच्या वर्षांच्या मानाने तुटपुंजा असतो. वीस वर्षं नोकरी झालेल्या कॅप्टनला एक महिना ओव्हरटाइम न घेणं सहज जमतं, याला जमत नाही. आणि विमानतळावर अडकलेला प्रवासी कुणाचा शत्रू नसतो. मे २०१७ मध्ये स्पिरिटची उड्डाणं अशाच वादात रद्द होत होती, तेव्हा फोर्ट लॉडरडेलच्या विमानतळावर प्रवाशांची आणि कर्मचाऱ्यांची झटापट झाली. काउंटरवरच्या ज्या मुलींच्या अंगावर लोक धावून गेले, त्यांचा त्या करारात एक पैसाही नव्हता. कुणाची शस्त्रक्रिया, कुणाचं लग्न, कुणाची अंत्ययात्रा हुकते. मला या माणसांची आठवण न ठेवता ‘नाही’ म्हणणं मान्य नाही.

तरीही नाही म्हणावं असं मी सांगतो, ते एका कारणासाठी. बोलण्यांच्या टेबलावर वैमानिकांचे प्रतिनिधी सांगत असतात की माणसं कमी आहेत, रोस्टर ताणलेलं आहे, नवी भरती करा, विश्रांती वाढवा. कंपनी म्हणते, कमी कुठे आहेत? सगळी उड्डाणं तर जातायत. जो वैमानिक त्याच आठवड्यात मोकळा दिवस विकतो, तो कंपनीच्या त्या वाक्याला पुरावा पुरवतो. आपल्याच प्रतिनिधीचं म्हणणं तो आपल्याच हाताने खोटं पाडतो. त्याला तसं करायचं नसतं, त्याला फक्त हप्ता भरायचा असतो, हे मी समजू शकतो. परिणाम मात्र तोच होतो. प्रवाशाचंही त्यात दूरचं हित नाही. टेकू काढल्याशिवाय भिंत किती कललेली आहे हे मालकाला दिसत नाही, आणि ती कोसळते तेव्हा प्रवासी खालीच उभा असतो.

यातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे सहकारी सक्तीच्या बिनपगारी रजेवर असताना घेतलेला ओव्हरटाइम. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर युनायटेडने दोन हजारांहून अधिक वैमानिक घरी बसवले. ज्येष्ठतेच्या यादीत ते तळाचे. अशा वेळी वरच्या माणसाने महिन्यात दोन-तीन फेऱ्या जास्त उडवल्या, तर खालच्या एखाद्याचं परतणं लांबतं. इथे तंटा चालू असो वा नसो, माझ्या मते प्रश्नच उरत नाही.

आता अटी. पहिली अट मला सगळ्यात कडक लावायची आहे: आजारपणाचं खोटं कारण नको. अमेरिकन एअरलाइन्सने रेनो एअर घेतली, त्या वादात फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकनच्या वैमानिकांनी ‘आजारी आहोत’ असं कळवून काम थांबवलं. हजारो उड्डाणं रद्द झाली. न्यायाधीशांनी कामावर या म्हणून हुकूम दिला, तो पाळला गेला नाही, आणि संघटनेला साडेचार कोटी डॉलरचा दंड बसला. दंडापेक्षा मोठं नुकसान मला दुसरंच दिसतं. विमान वाहतुकीत सुरक्षिततेचा एक मोठा भाग वैमानिकाच्या शब्दावर उभा आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून ५० माणसं गेली. वैमानिकांचा थकवा हा विषय त्या अपघातानंतर ऐरणीवर आला आणि जानेवारी २०१४ पासून अमेरिकेत प्रवासी विमानांसाठी विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. त्यांत प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिकाने आपण उडण्याच्या स्थितीत आहोत असं सांगायचं असतं, आणि नसेल तर कंपनीने त्याला उडू द्यायचं नसतं. ‘मी थकलोय, मला नेऊ नका’ हे वाक्य उच्चारलं की समोरच्याने ते मानलंच पाहिजे, यावर ही व्यवस्था चालते. पगाराच्या भांडणात ते वाक्य खोटं वापरलं, तर पुढच्या वेळी खरं बोलणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जाईल, आणि तो संशयाला भिऊन विमानात चढेल. कोणताही वेतनकरार एवढ्या किमतीचा नाही. ओव्हरटाइम नाकारणारा माणूस उलट स्वच्छ बोलतो. हा माझा दिवस आहे, मी येत नाही. त्याला कोणतंच सर्टिफिकेट लागत नाही.

मुद्दाम सावकाश टॅक्सी करणं, बारीकसारीक दुरुस्त्या शोधून विमान रोखणं, हेही मी याच रांगेत बसवतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना कायद्याने मुद्दाम संथ काम करणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवली आहे, आणि निदान कॉकपिटच्या बाबतीत तरी मला ते योग्य वाटतं. ड्यूटीवर आलेल्याने पूर्ण काम करावं. नकार द्यायचा तो ड्यूटीवर येण्याच्या आधी.

दुसरी अट धाकाविषयी आहे. अमेरिकन वैमानिकांची स्मरणशक्ती दांडगी. १९८५ मध्ये युनायटेडमध्ये २९ दिवसांचा संप झाला. त्यात जे आत जाऊन उडाले, त्यांची नावं याद्यांमधून पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचली. कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर बसून कामाला जाणं-येणं ही तिथल्या वैमानिकांची रोजची सोय. संपफोड्याला ती खुर्ची नाकारण्याची प्रथा वर्षानुवर्षं चालली. संप फोडणाऱ्याबद्दलचा राग मला कळतो. पण ओव्हरटाइम घेणाऱ्याला त्याच मापाने मोजू नये. संप हा मतदान करून, सगळ्यांच्या संमतीने घेतलेला निर्णय असतो. ओव्हरटाइम नाकारणं मात्र अमेरिकेत कायद्यानेच ज्याच्या त्याच्यावर सोडलं आहे. ज्याला संघटना उघडपणे आदेश देऊ शकत नाही, त्याला आदेश मोडल्याची शिक्षा कशी देणार? शिवाय कॉकपिटमध्ये दोनच माणसं असतात. ती एकमेकांशी बोलेनाशी झाली, तर धोका दोघांपुरता राहत नाही. ज्येष्ठांना खरंच काही करायचं असेल, तर कर्ज असलेल्या कनिष्ठाला त्या महिन्यापुरता निधी उभारून द्यावा. गिरणी संपात गावाकडून धान्य आणून शेजाऱ्याची चूल पेटती ठेवणारी माणसं आपल्या मुंबईने पाहिली आहेत. लाखांत पगार घेणाऱ्यांना ते अवघड जाऊ नये.

तिसरं, काही फेऱ्या या हिशेबाच्या बाहेर ठेवाव्यात. युद्धात किंवा आपत्तीत अडकलेल्यांना आणायला जाणारं विमान, सहकाऱ्याच्या घरी मृत्यू झाला म्हणून त्याची फेरी घेणं. पहिल्यात कंपनीचं वेळापत्रक वाचवायचं नसतं, दुसऱ्यात अदलाबदल करता येते आणि ओव्हरटाइमचा पैसा घ्यावा लागत नाही.

युनायटेडच्या विजयाचं पुढे काय झालं, ते लपवणं बरोबर नाही. दोन वर्षांनी, डिसेंबर २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २००० साली मिळालेली वाढ तर गेलीच, उलट पगार आणखी कापले गेले, आणि २००५ मध्ये निवृत्तिवेतनाची योजना सरकारी विमा महामंडळाच्या गळ्यात पडून अनेकांना ठरलेल्यापेक्षा कमी रक्कम मिळाली. वैमानिकांच्या हावरेपणाने कंपनी बुडाली, असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं. मी हे पूर्ण मान्य करत नाही. यूएस एअरवेज, नॉर्थवेस्ट आणि ज्या डेल्टाने आपल्या वैमानिकांना कोर्टात खेचलं ती डेल्टा, या सगळ्याच त्या काही वर्षांत दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या. पण एवढं मान्य करतो की २००० च्या विजयात एक उणीव होती. मोकळे दिवस रोखून जे मागितलं, ते बहुतांशी पैशांच्या रूपात मागितलं. पैसा पुढच्या मंदीत परत घेता आला. भरतीचं प्रमाण, रिझर्व्हची किमान संख्या, सलग विश्रांती, या गोष्टी त्याच जोरावर करारात बसवल्या असत्या, तर त्या काढून घेणं इतकं सोपं गेलं नसतं. मोकळा दिवस राखून ठेवून शेवटी मागायचं काय, तर मोकळाच दिवस, असं माझं मत आहे.

हा विषय आता आपल्या दारापर्यंत आलेला आहे. २०२४ मध्ये विस्तारा या विमान कंपनीच्या वैमानिकांना नवे करार दिले गेले. हमीचे तास ७० वरून ४० वर आले, त्यापुढे उडाल तेवढे वेगळे पैसे. वैमानिक आजारी असल्याचं कळवू लागले, उड्डाणं कोलमडली, कंपनीला काही काळ उड्डाणं कमी करावी लागली. या कराराचा आकार पाहा. हमी कमी करायची आणि घर चालवायला लागणारा उरलेला पैसा जादा तासांत टाकायचा. असं केलं की ओव्हरटाइम ऐच्छिक राहतच नाही. नाही म्हणण्याची ताकदच पगाराच्या रचनेतून काढून घेतली जाते.

आणि डिसेंबर २०२५. त्या वर्षी वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम दोन टप्प्यांत आले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, आणि नोव्हेंबरपासून रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ डिसेंबर या एका दिवसात हजाराहून अधिक. पुणे, मुंबई, नागपूर, गोवा, सगळीकडे माणसं जमिनीवर झोपलेली आपण पाहिली. तिथे संप नव्हता, ओव्हरटाइमचा बहिष्कार नव्हता. नियम फक्त एवढं म्हणत होता की माणसाला झोपू द्या, आणि तेवढ्याने देशातली सगळ्यात मोठी विमान कंपनी अडखळली. नियम अनेक महिने आधी माहीत असूनही भरती रोखून धरली, असा आरोप वैमानिकांच्या संघटनांनी केला. आणि त्याच ५ डिसेंबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काय केलं? वैमानिकाची रजा ही साप्ताहिक विश्रांतीच्या जागी धरता येणार नाही, अशी नव्या नियमांत तरतूद होती. ती मागे घेतली.

मला त्या दिवशी झालेलं दुःख मी इथे बोलून दाखवतो. १८९० मध्ये या शहरात मिळालेला आठवड्याचा दिवस २०२५ मध्ये एका परिपत्रकाने पुन्हा वाटाघाटीचा विषय झाला, आणि अडकलेल्या प्रवाशांच्या संतापाने त्या परिपत्रकाला पाठिंबा दिला. तो संताप खरा होता, पण विश्रांतीवर निघाला.

आपल्या संघटनांनी यातून पुढे काय करावं? मला ब्रिटनमधल्या रेल्वे चालकांचा मार्ग जास्त पटतो. तिथे सुट्टीच्या दिवशी काम करणं बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहे आणि अनेक कंपन्यांचं वेळापत्रक त्यावरच चालतं. २०२२ ते २०२४ च्या वादात त्यांच्या ‘अ‍ॅस्लेफ’ या संघटनेने संपाबरोबर ओव्हरटाइम बंदीही वापरली. सदस्यांचं मतदान, आगाऊ नोटीस, तारखा जाहीर. प्रवाशाला आधी कळलं की या आठवड्यात गाड्या कमी असतील, त्याने आपली सोय केली. कुणाला आजाराचं नाटक करावं लागलं नाही, कुणाला कुजबुज मोहिमेतून सहकाऱ्याला धमकवावं लागलं नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली नैमित्तिक रजादेखील संप ठरवली आहे. झाकून करायची वाट त्यामुळे अरुंद झाली. उघड, मतदानाने, नोटीस देऊन ओव्हरटाइम नाकारण्याची वाट संघटनांनी सरकारकडून स्पष्ट शब्दांत मागून घ्यायला हवी.

आणि एक मागणी महासंचालनालयाकडे. दर वर्षी उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक त्यांच्या मंजुरीने लागतं. विमानं किती, विमानतळावरच्या वेळा मिळाल्या की नाही, हे पाहिलं जातं. त्यात कंपनीला आणखी एक प्रश्न लेखी विचारावा: एकाही वैमानिकाने आपला विश्रांतीचा दिवस दिला नाही, तर यातली किती उड्डाणं जातील? जेवढी जाणार नाहीत, तेवढी मंजूर करू नयेत. डिसेंबरमध्ये सरकारने इंडिगोची उड्डाणं दहा टक्क्यांनी कमी करायला लावली, ती माणसं विमानतळावर अडकल्यानंतर. तोच आकडा वेळापत्रक मंजूर करतानाच मागता आला असता. वैमानिकांच्या संघटनांकडे रोस्टर असतात, कुणी किती मोकळे दिवस विकले याचा हिशेब असतो. पुढच्या वेळापत्रकाची मंजुरी निघण्यापूर्वी तो हिशेब त्यांनी महासंचालनालयाला सादर करावा, आणि वर्तमानपत्रांनाही द्यावा.